तीन फायलींची साक्ष

समन्स माझ्या नावाने आलं, फर्मच्या नावाने नाही. पहिल्यांदा ते हातात पडलं की माणूस जरा हादरतोच, कारण रिपोर्ट लेटरहेडवर गेलेला असतो, बिल फर्मने लावलेलं असतं, पण खाली ज्याची सही आहे तोच पिंजऱ्यात उभा राहणार, त्यात बदली खेळाडू चालत नाही. लॅपटॉपच्या डिस्कचं इमेजिंग (म्हणजे हुबेहूब कॉपी काढणं) केलं होतं 2019 मधे, साक्ष झाली 2023 मधे, मधे कोविड येऊन गेला, कंपनीतला एचआर मॅनेजर सोडून गेला, तपास अधिकाऱ्यांची बदली झाली. रिपोर्टमधलं आपण काय लिहिलंय ते आपल्यालाच परत शिकायला लागतं.

केस साधी होती. पुणे जिल्ह्यातल्या एमआयडीसीतली एक मध्यम कंपनी, डाय आणि फिक्स्चर बनवणारी. डिझाइनमधला एक जण राजीनामा देऊन स्पर्धक कंपनीत गेला आणि काही महिन्यात एका कस्टमरकडे हुबेहूब आपल्यासारखी ड्रॉइंग दिसली असं मालकांचं म्हणणं. पोलिसांकडे जायच्या आधी त्यांनी आम्हाला बोलावलं, म्हणजे मी डिजिटल फॉरेन्सिकचं (कॉम्प्युटर-फोनमधला पुरावा तपासायचं) काम करते अशा एका छोट्या खाजगी फर्ममधे. नंतर रीतसर एफआयआर झाली, आयटी ॲक्टचं कलम 43 आणि 66 (परवानगीशिवाय डेटा नेणं), सोबत आयपीसी 408 (नोकराने केलेला विश्वासघात). फिर्यादीत लिहिलं होतं की आरोपीने कंपनीचा संपूर्ण ड्रॉइंगचा फोल्डर चोरून नेला. हा 'संपूर्ण' शब्द पुढे सगळ्यांना नडला.

आम्ही काय केलं ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. कंपनीच्या कॉन्फरन्स रूममधे त्या माणसाच्या ऑफिसच्या लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, काढली, राइट ब्लॉकरला लावली (हा डबा डिस्कवर एक अक्षरसुद्धा लिहू देत नाही, फक्त वाचू देतो), एफटीके इमेजर या सॉफ्टवेअरने इमेज घेतली आणि शेवटी एमडी5 आणि शा-1 असे दोन हॅश आले (हॅश म्हणजे सगळ्या डेटावरून गणिताने काढलेला ठसा, डेटा जरा बदलला तरी तो बदलतो). ते मी तिथेच कागदावर हाताने उतरवले, 32 अक्षरं आणि 40 अक्षरं, कंपनीचे दोन लोक बाजूला बसून एकेक अक्षर स्क्रीनशी ताडून बघत होते, मग दोघांच्या सह्या, तारीख, वेळ. एकाने विचारलं प्रिंट का नाही काढत. काढलीच होती, पण प्रिंट नंतर कधीही काढता येते, दोन माणसांनी वेळ टाकून सही केलेला कागद मागाहून बनवणं जरा अवघड असतं. एसएसडी परत बसवली, लॅपटॉप सीलबंद करून कंपनीच्या कपाटात गेला आणि एफआयआरनंतर पोलिसांनी तो जप्त केला.

आता सापडलं काय. पेनड्राइव्ह कधीच मिळाला नाही, आरोपीच्या घरझडतीतही नाही. विंडोज लॅपटॉप 'कोणती फाइल कधी कुठे कॉपी झाली' याची यादी आपण होऊन ठेवत नाही, हे लोकांना सांगितलं की विश्वास बसत नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) एवढं दिसत होतं की राजीनाम्याच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी अमुक सिरियल नंबरचा पेनड्राइव्ह जोडला गेला. आणि दुसरी गोष्ट म्हणजे लिंक फायली. तुम्ही एखादी फाइल डबल क्लिक करून उघडली की विंडोज गुपचूप एक छोटी शॉर्टकट फाइल बनवून ठेवतं, रिसेंटमधे जे दिसतं ते त्यातूनच, आणि त्या शॉर्टकटमधे उघडलेल्या फाइलचा पत्ता, ती ज्या ड्राइव्हवर होती त्याचा नंबर आणि त्या फाइलच्या वेळा लिहिलेल्या असतात. अशा तीन लिंक फायली मिळाल्या ज्यांचा पत्ता ई ड्राइव्हचा, म्हणजे त्या पेनड्राइव्हचा होता. म्हणजे तीन ड्रॉइंग पेनड्राइव्हवरून उघडली गेली होती. कॉपी नीट झाली का ते बघायला आपण दोन-तीन फायली उघडून बघतो ना, तसं झालं असणार, असं मला वाटलं. पण हे 'मला वाटलं' कोर्टात चालत नाही आणि चालू पण नये.

तर रिपोर्टमधे मी तीन फायली लिहिल्या. तीनच. बाकीच्या फोल्डरबद्दल लिहिलं की या लॅपटॉपवरच्या पुराव्यावरून सांगता येत नाही. मालक तेव्हाच नाराज झाले होते.

साक्षीच्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, बोर्डावर मॅटर होतं, सकाळी अकरापासून बाकावर बसून पुकाऱ्याची वाट बघणे, समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात, जेवणाच्या सुट्टीनंतर बघू, नाहीतर पुढची तारीख. ज्यांनी कोर्ट बघितलंय त्यांना माहिती आहे. एक मात्र सांगते, सरकारी वकील मॅडम भल्या होत्या, आदल्या तारखेला कॉरिडॉरमधे त्यांनी माझ्याकडून सगळं समजून घेतलं, अगदी लिंक फाइल म्हणजे काय इथपासून. शेवटी म्हणाल्या, म्हणजे आरोपीने कॉपी केलं असं तुम्ही सांगाल ना? मी म्हटलं मॅडम, त्याच्या लॉगिनमधून झालं एवढं सांगेन. त्या म्हणाल्या तेच ते. मी म्हटलं नाही, तेच ते नाही. यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, पण आग्रह धरला नाही.

सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, सोपा असतो. शिक्षण, अनुभव, काय काम दिलं, काय केलं, काय आढळलं, ही सही माझीच आहे, रिपोर्टला निशाणी (पुराव्याचा नंबर) पडली. सोबत तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम 65बी चं सर्टिफिकेट. यावरून बाहेर लोकांचा खूप घोळ असतो म्हणून जरा थांबते. सर्टिफिकेट वेगळं आणि एक्स्पर्टचं मत वेगळं. सर्टिफिकेट म्हणजे हा प्रिंट किंवा ही कॉपी अमुक कॉम्प्युटरमधून अशी अशी काढली, तो कॉम्प्युटर नीट चालत होता, एवढंच, ते देणाऱ्याला आत काय लिहिलंय त्याच्याशी देणंघेणं नाही. मत म्हणजे त्या डेटाचा अर्थ काय. सर्टिफिकेट नसेल तर कॉपी पुराव्यात वाचलीच जात नाही, मग माझं मत कितीही भारी असो. यावरचा सगळ्यात मोठा निकाल आपल्या जालन्याच्या केसमधला आहे, 2014 च्या विधानसभेला अर्जुन खोतकर 296 मतांनी आले, हरलेले कैलास गोरंट्याल हायकोर्टात गेले की यांचा अर्ज मुदत संपल्यावर घेतला, पुरावा काय तर निवडणूक अधिकाऱ्याच्या खोलीतलं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, आणि ते सर्टिफिकेट अधिकारी काही केल्या देईनात. सुप्रीम कोर्टाने जुलै 2020 मधे सांगितलं की कॉपी देणार असाल तर सर्टिफिकेट लागणारच, ओरिजिनल मशीनच मालकाने कोर्टात आणून साक्ष दिली तर गोष्ट वेगळी, आणि मागूनही कोणी देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट मागवेल. माझ्या वेळी हा निकाल ताजाच होता त्यामुळे बचावाच्या वकिलांनी सर्टिफिकेटच्या नमुन्यावर वेळ घालवला नाही, ते थेट माझ्यावर आले.

उलटतपास घेणारे वकीलसाहेब वयाने मोठे, आवाज अगदी मऊ. पहिला प्रश्न, तुमचं नाव आयटी ॲक्टच्या कलम 79ए खाली अधिसूचित झालंय का? नाही. हे खरे आहे की सरकारने ज्यांना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे परीक्षक म्हणून नेमलंय त्यात तुमची फर्म नाही? हे खरे आहे. इथे नवखा माणूस लगेच समर्थन द्यायला जातो, की नसेना का पण मला अनुभव आहे, कोर्स केलेत वगैरे. काही गरज नसते. 79ए वाल्या सरकारी लॅबचं मत तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या 45ए खाली जायचं, माझं साध्या 45 खाली, विशेष ज्ञान असलेली व्यक्ती म्हणून, किती वजन द्यायचं ते कोर्ट ठरवतं. ते सरकारी वकील युक्तिवादात सांगतील. मी 'हे खरे आहे' म्हटलं आणि गप्प बसले.

मग पैसे. कंपनीने तुम्हाला फी दिली? दिली. म्हणजे तुम्ही कंपनीच्या सोयीचा रिपोर्ट दिलात? हे म्हणणे खरे नाही. बिल कामाचं होतं, निकालाशी संबंध नव्हता, बिलाची कॉपी रिपोर्टला लावलेलीच होती. ती लावायची सवय सिनियरने लावली, तेव्हा मला विचित्र वाटलं होतं.

यानंतर त्यांनी रिपोर्टचं परिशिष्ट उघडलं आणि मला बरं वाटलं, कारण माणूस वाचून आलेला होता. न वाचता आलेल्या वकिलासमोर उभं राहणं जास्त कठीण. म्हणाले, पान अमुकवर वेळ 18:42 आहे आणि परिशिष्टात त्याच फाइलची वेळ 13:12 आहे, यातली खरी कुठली? दोन्ही. टूल वेळ यूटीसीमधे (जागतिक प्रमाणवेळेत) देतं, आपली वेळ साडेपाच तास पुढे, हे रिपोर्टच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. न्यायाधीशसाहेबांनी पान उलटून बघितलं, मान हलवली, पुढे चला म्हणाले.

पुढचा प्रश्न मात्र चांगला होता. तुमच्याच तक्त्यानुसार या ड्रॉइंगची क्रिएटेडची तारीख नंतरची आहे आणि मॉडिफाइडची तारीख त्याच्या चार महिने आधीची, बरोबर? बरोबर. म्हणजे फाइल जन्माला यायच्या चार महिने आधीच तिच्यात बदल झाला, असं तुमचं शास्त्र सांगतं? मागच्या बाकावरचे ज्युनियर हसले. न्यायाधीशसाहेबांनी पण लिहिता लिहिता वर बघितलं.

हीच तर माझ्या रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ होती. मी साहेबांना विचारलं, समजावून सांगू का, ते म्हणाले सांगा, थोडक्यात. मी म्हटलं, तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल काढली तर नक्कल दिल्याची तारीख आजची येते, पण आतली फेरफाराची नोंद जुनीच असते. फाइल दुसरीकडे कॉपी केली की विंडोज तसंच करतं, नवीन जागी ती कधी तयार झाली ती वेळ क्रिएटेडमधे येते आणि मजकुरात शेवटचा बदल कधी झाला ती तारीख मूळ फाइलबरोबर तशीच येते. म्हणून क्रिएटेड नंतरची आणि मॉडिफाइड आधीची दिसली तर ती कॉपी आहे असं समजायला आधार मिळतो, आणि क्रिएटेडची वेळ म्हणजे कॉपी झाल्याची वेळ, जर त्या कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर असेल तर. घड्याळ बरोबर होतं का? मी तपासलं होतं, टाइम सर्व्हरशी जुळल्याच्या नोंदी होत्या, त्याही परिशिष्टात आहेत. तालुक्याच्या कोर्टात निम्मे दावे जमिनीचे, त्यामुळे सातबारा म्हटल्यावर कोणाला काही अवघड गेलं नाही. साहेबांनी स्टेनोला अख्खं वाक्य मराठीत डिक्टेट केलं, माझ्यापेक्षा चांगलं.

मग हॅश. यात दोन टप्पे होते. एक म्हणजे वकीलसाहेबांनी इंटरनेटवरचे प्रिंट आणले होते की एमडी5 2004 मधेच मोडला आणि शा-1 2017 मधे. हे खरे आहे की या दोन्ही पद्धतींमधे दोन वेगळ्या फायलींचा हॅश सारखा येऊ शकतो हे सिद्ध झालंय? हे खरे आहे. (या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा एक्स्पर्ट तिथेच संपला.) पण ते सिद्ध झालंय ते असं, की दोन्ही फायली बनवणारा एकच, त्याने मुद्दाम जोडी तयार केली. आधीच कागदावर लिहून सह्या झालेल्या हॅशला बरोबर जुळेल अशी दुसरी डिस्क इमेज बनवणं, तेही दोन्ही पद्धतींना एकाच वेळी, हे कोणी करून दाखवल्याचं माझ्या माहितीत नाही. तो हाताने लिहिलेला कागद इथे कामाला आला.

दुसरा टप्पा खरा जड होता. सरकारी लॅबने त्याच लॅपटॉपची नंतर इमेज घेतली होती आणि त्यांचा हॅश माझ्याशी जुळत नव्हता. वकीलसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. हे खरे आहे की दोन्ही हॅश वेगळे आहेत? हे खरे आहे. तुमच्याच शास्त्रानुसार एक बिट बदलला तरी हॅश बदलतो? हे खरे आहे. म्हणजे पुराव्यात फेरफार झाला?

मी सांगितलं की डिस्कवरचा डेटा माझ्या इमेजनंतर बदलला आहे हे खरं आहे. कशामुळे, ते जप्तीच्या पंचनाम्यातच आहे. त्यात वाक्य होतं, 'सदर लॅपटॉप चालू करून पाहिला असता तो चालू स्थितीत असल्याचे दिसून आले.' मुद्देमाल टीव्ही असो, मिक्सर असो की लॅपटॉप, लिहिणाऱ्याचं वाक्य तेच. विंडोज नुसतं सुरू केलं तरी शेकडो फायली बदलतात, लॉग लिहिले जातात, अपडेट सुरू होतात. सरकारी लॅबच्या इमेजची प्रत मला कोर्टाच्या परवानगीने आधी बघायला मिळाली होती आणि त्यात इव्हेंट लॉगमधे (विंडोज आपल्या घडामोडी लिहून ठेवतं ती फाइल) विंडोज सुरू झाल्याची नोंद पंचनाम्यात लिहिलेल्या वेळेच्या आत बसत होती. दोन इमेजमधे ज्या फायली वेगळ्या होत्या त्यांच्या वेळा त्या नोंदीनंतरच्या. आणि त्या तीन लिंक फायलींचे हॅश दोन्ही इमेजमधे सारखे, एकेक करून. म्हणजे डिस्क बदलली, पण ज्यावर मी मत दिलंय तो भाग बदललेला नाही. मी 'फेरफार झाला नाही' असं म्हटलं नाही, कारण मला ते माहीत नाही, मी 'या तीन फायलींमधे फरक आढळला नाही' म्हटलं.

ते एक चालू बटण दाबलं नसतं तर हा सगळा अर्धा तास वाचला असता. आता नव्या पोलिसांना ट्रेनिंगमधे सांगतात म्हणे, बंद असेल तर बंदच ठेवा.

मग शेवटचे प्रश्न, जे येणार हे मला इमेज घेतली त्या दिवसापासून माहिती होतं. कीबोर्डवर आरोपी बसला होता हे तुम्ही सांगू शकता? नाही. त्याचा पासवर्ड दुसऱ्या कोणाला माहीत नव्हता हे सांगू शकता? नाही. कंपनीचा आयटीवाला ॲडमिन त्याचा पासवर्ड रीसेट करू शकतो? करू शकतो, तसा रीसेट झाल्याची नोंद मला मिळाली नाही, पण सिक्युरिटी लॉग जुन्या नोंदींवरच पुढे लिहीत जातो आणि माझ्याकडे मागच्या काही आठवड्यांचाच लॉग होता. तीन फायली सोडून इतर ड्रॉइंग कॉपी झाली हे सांगू शकता? मी सांगू शकत नाही. ही चारही उत्तरं देताना मागे बसलेल्या कंपनीच्या माणसाचा श्वास मला ऐकू येत होता.

सही करायच्या आधी साक्ष वाचून बघायची, हे कितीही उशीर झाला असला तरी करा. स्टेनोच्या टायपिंगमधे एका ठिकाणी आलं होतं 'आरोपीने तीन फायली पेनड्राइव्हवर कॉपी केल्या.' मी साहेबांना विनंती केली की मी 'कॉपी झाल्या' म्हटलं होतं, आरोपीचं नाव मी घेतलेलं नाही. त्यांनी लगेच दुरुस्त करून घेतलं, बचावाचे वकील पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

निकाल काही महिन्यांनी लागला. आरोपीला संशयाचा फायदा देऊन सोडलं. निकालपत्रात माझ्या साक्षीवर दोन परिच्छेद होते, तीन फायलींबद्दलचं मत कोर्टाने पूर्ण स्वीकारलं, पण त्या संध्याकाळी लॅपटॉपवर कोण होतं हे दाखवणारं काही समोर आलं नाही, कंपनीचं सीसीटीव्ही डीव्हीआरवर कधीच ओव्हरराइट झालं होतं, हजेरीचं पंचिंग कोणी सर्टिफिकेटसकट दिलंच नाही. हे माझं काम नव्हतं, ते कंपनीने आणि तपासाने आणायचं होतं. मालकांचा फोन आला, चिडलेले होते, म्हणाले आम्ही तुम्हाला पैसे दिले आणि तुम्ही त्याच्या वकिलाला हो हो म्हणत बसलात, एकदा 'त्यानेच केलं' म्हणायला काय झालं होतं. मी म्हटलं, तसं म्हटलं असतं तर पुढच्या दोन प्रश्नात त्या तीन फायलीसुद्धा गेल्या असत्या. त्यांना पटलं नाही. त्या कंपनीकडून नंतर काम आलेलं नाही.

आता 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आलाय, भारतीय साक्ष अधिनियम, 65बी च्या जागी कलम 63, आणि सर्टिफिकेटचा छापील नमुनाच दिलाय. भाग अ ज्याच्या ताब्यात मशीन त्याने भरायचा आणि भाग ब एक्स्पर्टने, दोन्हीत हॅश लिहायचा, शा-1, शा-256, एमडी5 की आणखी काही त्यावर खूण करायची. हॅश लिहायला लावला हे फार चांगलं झालं. पण भाग ब मुळे आमच्याकडे आता वेगळीच गर्दी आहे. घटस्फोटाच्या केसमधलं व्हॉट्सॲप चॅट, चेक बाउन्समधले ईमेल, सोसायटीच्या भांडणातलं सीसीटीव्ही, वकिलांचा ज्युनियर प्रिंटआउट घेऊन येतो आणि म्हणतो, मॅडम भाग ब वर फक्त सही हवीये, उद्या दाखल करायचंय. फोन कुठे आहे? तो पक्षकाराकडे, गावाला. हॅश? तो तुम्हीच टाका ना.

मी त्यांना सांगते, फोन घेऊन या, माझ्यासमोर एक्सपोर्ट करू, हॅश काढू, मग सही. बरेच जण परत येत नाहीत, त्यांना कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर क्लासवाला सही करून देतो. त्यातल्या एकाला नुकतंच समन्स गेलंय, त्याच्या नावाने, क्लासच्या नावाने नाही, आणि परवा तो माझ्याकडे विचारायला आला होता की हॅश म्हणजे नक्की काय सांगायचं. मी त्याला विचारलं फोन बघितला होतास का. नाही म्हणाला. मग म्हटलं, वकिलाने विचारलं तर तेच सांग.